शनिवारची मॅच आणि बाकीचे सहा दिवस

काकांनी आयुष्यात फूटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, मॅचेस किती बघितल्या असं कोणी विचारलं तर खरं उत्तर आहे, फार थोड्या. ऐकायला विचित्र वाटतं, कारण हा माणूस पोरवयापासून दर शनिवारी ग्राउंडवर आहे आणि आता सत्तरी कधीच ओलांडलीय. पण ग्राउंडवर असणं वेगळं आणि मॅच बघणं वेगळं. मॅच बघतो तो बाउंड्रीला गाडी लावून, पायावर पांघरूण घेऊन, थर्मासमधला चहा पीत. काका कधी गोलच्या खांबांमध्ये उभे, कधी ड्रेसिंग रूममध्ये कोणाच्या तरी घोट्याला टेप गुंडाळताना, कधी तुंबलेल्या बाथरूमशी झटापट करताना.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, पाच वर्षांचं पोरसुद्धा त्यांना पहिल्या नावाने बोलावतं. मला तोंडावर तसं म्हणावं लागतं पण मनात ते काकाच, म्हणून इथेही काकाच लिहिते. नाव लिहिलं तर रागावतील ते वेगळंच.

आम्ही राहतो विमेरामध्ये. व्हिक्टोरियाच्या पश्चिमेला, मेलबर्नपासून तीनशेच्या वर किलोमीटर, सपाट जमीन, गहू, बार्ली, कॅनोला आणि मसूर. (हो, मसूर. इथली मसूर भारतात जाते, त्यामुळे तुमच्या आमटीत आमच्या गावचे चार दाणे असू शकतात.) मी इथल्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. रीजनल व्हिसावर आले, दोन वर्षांत मेलबर्नला पळायचं असं ठरवून आले आणि राहिले. त्याचं कारण काही प्रमाणात इथला फूटीचा क्लब आहे, हे सासरी अजून कोणाला पटलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. आपला फुटबॉल नाही, रग्बी तर नाहीच. प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, लांबट बॉल, लंबगोल मैदान आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथेने मारला तर गोल, ६ पॉइंट. बाजूच्या खांबांमधून गेला तर बिहाइंड, १ पॉइंट. म्हणून स्कोअर १२.१० (८२) असा लिहितात, बारा गोल, दहा बिहाइंड, एकूण ब्याऐंशी, आणि गावातली पोरं सहाचा पाढा शाळेत शिकायच्या आधी इथे शिकतात.

मैदान लंबगोल का, तर ते मुळात क्रिकेटचं. १८५८ मध्ये टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरने पेपरात पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटवाले सुस्त होतात तेव्हा फुटबॉलचा एखादा क्लब काढा, आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये चार डोकी बसून नियम लिहिले गेले. हा विल्स लहानाचा मोठा झाला तो मॉयस्टनच्या बाजूला, म्हणजे आमच्याकडून गाडीने जाता येईल इतक्या अंतरावर, आणि पुढे १८६६ मध्ये एडनहोप-हॅरो भागातल्या आदिवासी खेळाडूंच्या क्रिकेट टीमला कोचिंग द्यायला तोच आला होता. आमच्या मैदानाच्या मधोमध अजून क्रिकेटचं पिच आहे, एप्रिल आला की त्यावर माती घालून ते झाकायचं आणि सप्टेंबर संपला की उकरायचं. कोण करतं ते सांगायला नकोच.

काकांची माझी ओळख झाली ती टेपवरून. दर आठवड्याला ते दुकानात यायचे आणि ३८ मिलिमीटरची ताठ, तपकिरी स्ट्रॅपिंग टेप मागायचे, बॉक्सभर, आणि दर आठवड्याला किमतीवरून हुज्जत घालायचे. मला आधी वाटलं म्हाताऱ्याचे सांधे गेलेत. मग कळलं की हे क्लबचे ट्रेनर, शनिवारी सकाळपासून अख्ख्या टीमचे घोटे, बोटं, खांदे बांधतात. एकदा मी दुकान संपल्यावर बघायला गेले. कोंदट खोली, निलगिरी तेलाचा वास इतका की डोळ्यांत पाणी, लाकडी टेबलावर एक अंगापिंडाने दांडगा पोरगा पाय लोंबकळत बसलेला आणि काका त्याच्या घोट्याभोवती टेप फिरवतायत. टाचेखालून, वर, आडवी, परत टाचेखालून, कात्री नाहीच, दातांनी टोक धरून टर्रकन फाडायची. मी फार्मसी शिकलेली बाई, बँडेज मलाही बांधता येतं, पण ती सफाई वेगळी. पोरगा उठला, दोन उड्या मारल्या, थँक्यू म्हणाला नाही आणि निघून गेला. पुढचा बसला.

तिथेच त्यांनी विचारलं, शनिवारी दुपारी तुझं दुकान बंद असतं ना? मी हो म्हटलं. बस, टाइमकीपर झाले. नियम माहीत नाहीत म्हटलं तर म्हणाले घड्याळ बघता येतं का.

टाइमकीपिंग हे काम बाहेरून सोपं दिसतं. कँटीनच्या वर एक खुराडं आहे, त्यात दोन खुर्च्या, एक आमच्या क्लबचा माणूस आणि एक पाहुण्या क्लबचा, मधे घड्याळ आणि सायरनचं बटण. चार क्वार्टर. प्रत्येक गोल कितव्या मिनिटाला झाला ते दोघांनी लिहायचं आणि दोघांचं जुळलं पाहिजे. वेळ संपली की बटण दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं, अंपायरने ऐकल्याची खूण करेपर्यंत, कारण खेळ सायरन वाजल्यावर संपत नाही, अंपायरला ऐकू आल्यावर संपतो. ही नुसती तांत्रिक बाब नाही. २००६ मध्ये लॉन्सेस्टनला एएफएलच्या, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगच्या, मॅचमध्ये हेच झालं, सायरन अंपायरला ऐकूच गेला नाही, खेळ चालू राहिला, सेंट किल्डाने बरोबरी केली आणि नंतर लीगने निकाल फिरवून मॅच फ्रीमँटलला दिली. पहिल्याच दिवशी काकांनी मला ही गोष्ट सांगितली आणि वर म्हणाले, तिथे पगारी माणसं होती, इथे तू आहेस. धीर द्यायची ही पद्धत!

आता एका शनिवारी किती माणसं लागतात बघा. गेटवर पैसे घ्यायला दोन, स्कोअरबोर्डवर आकडे बदलायला पोरं, टाइमकीपर, गोल अंपायर (प्रत्येक क्लबने आपापला द्यायचा), बाउंड्री अंपायर मिळाला तर, पाणी घेऊन धावणारे, कोचचा निरोप मैदानात नेणारा रनर, ट्रेनर, टीम मॅनेजर, बार, कँटीन, मीट रॅफलची (बक्षीस म्हणून मटण देणारी लॉटरी) तिकिटं विकणारा, आणि नेटबॉलच्या (बास्केटबॉलसारखा खेळ, बहुतेक बायका-मुली खेळतात) कोर्टवर हेच सगळं पुन्हा, कारण हल्ली क्लब फुटबॉल-नेटबॉल क्लब असतो आणि सकाळी पोरासोरांपासून सुरू होऊन दुपारी सीनिअर्सपर्यंत दिवसभर काही ना काही चालूच असतं. खेळणाऱ्यांच्या बरोबरीने न खेळणारे लागतात. आणि हे सगळं अशा गावात जिथे शेतं मोठी होत गेली, शेतकरी कमी होत गेले, आणि पोरं बारावी झाली की मेलबर्न नाहीतर जिलाँगला.

म्हणून या भागातल्या क्लबांची नावं जोडनावं असतात. सी लेक-नॅन्डॅली, बर्चिप-वॉचम, हॅरो-बालमोरल, एडनहोप-ऍप्सली. प्रत्येक नावामागे एक मीटिंग आहे जिथे मोठमोठी माणसं रडलीयत. आमच्याकडचं मर्जर काकांनी जवळून बघितलं. शंभर वर्षं ज्या गावाला शिव्या घातल्या त्याच गावाबरोबर एक टीम करायची, जर्सीचा रंग कोणाचा, टोपणनाव कोणाचं, होम मॅचेस कुठे, बारच्या भिंतीवरचे जुने फोटो कुठे लावायचे. काका म्हणतात रंगावरून दोन तास भांडण झालं आणि बँकेतल्या कर्जाचा विषय पाच मिनिटांत उरकला. तरी आपण नशीबवान, असंही म्हणतात, कारण वरच्या बाजूला मॅली नावाच्या भागातली लीगच्या लीग २०१५ च्या सीझननंतर बंद झाली.

काका स्वतः खेळाडू म्हणून यथातथाच. रिझर्व्हमध्ये, म्हणजे दुसऱ्या टीममध्ये, खेळायचे, गुडघा गेला, संपलं. त्याआधी लहानपणी स्कोअरबोर्डवर पत्र्याचे आकडे टांगायचे, आणि गुडघ्यानंतर जे मिळेल ते. मिलेनियम ड्राउट म्हणतात तो मोठा दुष्काळ, १९९७ ते २००९, त्या काळात ग्राउंडला पाणीच नव्हतं, जमिनीला भेगा इतक्या की पोरांचे घोटे मुरगळायचे, तेव्हा काका शुक्रवारी संध्याकाळी बादलीत माती घेऊन भेगा बुजवत फिरायचे. मग २०१० मध्ये विमेरा-मॅलीची पाइपलाइन पुरी झाली, उघडे पाट जाऊन नळ आले, आणि भेगांची जागा गवताने घेतली. २०२० मध्ये कोविडमुळे सीझनच रद्द, पुढच्या वर्षी फायनल्स झाल्या नाहीत, पण गवत काही कोविड पाळत नाही, काका ट्रॅक्टर घेऊन कापत राहिले.

त्यांचं खरं लाडकं काम मात्र लाइन मारणं, म्हणजे मैदानावर रंगाच्या रेघा आखणं. लंबगोलाला सरळ बाजू नसते हे लक्षात घ्या. मैदानाचं माप ठरलेलं नाही, प्रत्येक गावाचं वेगळं, नियमात ठरलेल्या गोष्टी म्हणजे मधला ५० मीटरचा चौकोन, खांबांमधलं ६.४ मीटर अंतर, गोलसमोरचा ९ मीटरचा चौकोन. बाहेरची वळणारी रेघ डोळ्यानेच. काका शुक्रवारी दव वाळल्यावर मशीन घेऊन निघतात, मागच्या आठवड्याची पुसट रेघ धरून, एका दमात अख्खी फेरी, मधे कोणी बोलायचं नाही. मी एकदा दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन बसले होते, हात हलवून हाय केलं, बघितलंसुद्धा नाही. फेरी संपवून आले आणि म्हणाले, मान वळवली की रेघ वळते.

गोल अंपायरिंगची गोष्ट सांगायलाच हवी. गोल अंपायरचं काम दोन झेंडे आणि एक कार्ड. गोल झाला तर दोन्ही हातांची बोटं पुढे आणि मग दोन झेंडे, बिहाइंडला एक बोट, एक झेंडा. बॉल गोलच्या खांबाला नुसता चाटून आत गेला तरी गोल नाही, एकच पॉइंट. तर मॅच शेवटच्या मिनिटांत, आम्ही मागे, काकांच्या सख्ख्या नातवाने लांबून किक मारली, बॉल मधोमध जाताना दिसला, बाउंड्रीवरच्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली (गोल झाला की टाळ्या नाहीत, हॉर्न), आणि काकांनी एक बोट दाखवलं. खांबाला लागला. आवाज म्हणे त्यांना ऐकू आला, एवढ्या हॉर्नमध्ये. तीन पॉइंटनी हरलो. गोल दिला असता तर दोनने जिंकलो असतो, हा हिशोब गावात अजून लोक एकमेकांना करून दाखवतात. त्या संध्याकाळी कँटीनमध्ये त्यांच्या सूनबाई होत्या, त्यांनी सांगितलं मीट पाय (खिमा भरलेले पॅटिससारखे) संपले. मागे वॉर्मरमध्ये चार दिसत होते. काका म्हणाले बरं, आणि चिप्स घेतल्या.

आता काकू. काकूंनी जेवढं केलंय त्याचा कुठे बोर्ड नाही. गुरुवारी ट्रेनिंगनंतर टीम जाहीर होते आणि सगळे एकत्र जेवतात, ते जेवण अनेक वर्षं काकूंच्या देखरेखीखाली. सीनिअर्सच्या जर्सी त्या घरी धुवायच्या. अंगणात तो फिरता कपडे वाळत घालायचा खांब असतो ना, त्यावर रविवारी नंबरवारीने सगळ्या जर्सी, आणि गावातली माणसं जाता जाता बघायची की १७ नंबरची फाटलीय. काकांना लाइफ मेंबरशिप मिळाली, भिंतीवर सोनेरी अक्षरांत नाव लागलं, काकूंना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. काकूंना विचारलं वाईट वाटलं का, तर म्हणाल्या बोर्ड पुसायला मलाच लागायचं, स्वतःचं नाव पुसत बसायची मला हौस नव्हती. रुपन्यपला २०१७ मध्ये रशियन चित्रकार युलिया व्होल्चकोव्हाने धान्याच्या सायलोवर, म्हणजे उंच कोठारावर, गावच्या तरुण खेळाडूंची प्रचंड चित्रं काढलीयत, एक नेटबॉलवाली आणि एक फुटबॉलवाला. सुंदरच आहेत, गाडी थांबवून बघाच. पण कँटीनमध्ये हात पुसत उभ्या असलेल्या बाईचं चित्र सायलोवर कोणी काढलेलं मी तरी अजून बघितलं नाही.

आणि यात पैशाचा विषय आहेच. कंट्री फूटीत सगळे हौशी आहेत असा माझा समज होता. छे! चांगल्या खेळाडूला मॅचमागे पैसे मिळतात, कधी बरे मिळतात, पोरं बॅलराटहून, मेलबर्नहून गाडी चालवत शनिवारी येतात, खेळतात, पाकीट घेऊन जातात. प्रकरण हाताबाहेर जायला लागलं म्हणून व्हिक्टोरियात आधी प्रत्येक खेळाडूला पॉइंट्स देऊन टीमच्या एकूण पॉइंट्सवर मर्यादा आली, मग पगारावर कॅप. गावात वाढलेल्या पोराला एक पॉइंट, बाहेरून आणलेल्या भारी खेळाडूला जास्त. म्हणजे मीट रॅफल, बार आणि कँटीनमधून फुकट राबणाऱ्यांनी जमवलेला पैसा त्या पाकिटात जातो, हे मला पचायला वेळ लागला. मी एकदा चिडून काकांना म्हटलं की तुम्ही त्याच्या पायाला फुकट टेप लावता आणि तो पैसे घेऊन खेळतो. ते म्हणाले, तो नाही आला तर कोणाच्या पायाला लावू?

साताऱ्यात आमच्या गल्लीच्या गणेश मंडळात माझे वडील असेच होते. मांडवाचे बांबू, वर्गणीचं पावतीपुस्तक, विसर्जनाच्या रात्री ट्रॅक्टरच्या डिझेलची काळजी, आणि फोटोत कधीच नाहीत. त्यामुळे ही जात मी ओळखते, आणि म्हणूनच या लोकांबद्दल जे गोड गोड बोललं जातं ते मला ऐकवत नाही. काका क्लबचा आत्मा, काका नसते तर क्लब नसता. अहो, हे म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात घड्याळ बघून निघतो. एजीएमला, म्हणजे क्लबच्या वार्षिक सभेला, बघावं. प्रेसिडेंट एकेक पद वाचतो, सेक्रेटरी, ट्रेझरर, कँटीन मॅनेजर, ग्राउंड, आणि प्रत्येक नावानंतर खोलीत सगळे आपापले बूट बघतात. मग कोणीतरी म्हणतं, काका आहेतच की. टाळ्या. त्या टाळ्या मला बिलकुल आवडत नाहीत, त्या काकांसाठी नसतात, सुटलो म्हणून असतात.

पण दुसरी बाजूही सांगते, कारण काका काही साधूपुरुष नाहीत. दोन वर्षांपूर्वी शाळेतला नवीन पीटी सर स्वतःहून आला, लाइन मारायला मदत करतो म्हणाला. काकांनी मशीन दिलं. त्याने अख्खं मैदान मारलं, मला तर ठीकठाक वाटलं. काका संध्याकाळी परत गेले आणि जिथे रेघ चार बोटं हलली होती तिथे पुन्हा मारली, म्हणजे शनिवारी एका टोकाला दोन रेघा, आणि सर बिचारा सगळ्या गावासमोर. तो पुन्हा आला नाही. स्टोअरच्या किल्ल्या काकांकडेच, रंग कुठून मागवायचा त्याचा नंबर काकांच्या डोक्यात. कोणी पुढे येत नाही हे खरं, पण पुढे आलेल्याला टिकू देत नाहीत हेही तितकंच खरं. त्याग वगैरे शब्द मी त्यांच्या बाबतीत वापरत नाही. त्यांना ते काम आपलं हवं असतं, आणि मला वाटतं यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त क्लबला ते परवडत नाही आता.

एका बाबतीत मात्र त्यांचा हट्ट मला शंभर टक्के मान्य. जुन्या काळी डोक्याला मार लागला की थंड पाण्याचा स्पंज, किती बोटं दिसतात, आणि जा परत मैदानात. काकांनीही तेच केलंय, स्वतः सांगतात. आता कम्युनिटी फूटीत २०२४ पासून कन्कशन झालं, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसला, की किमान २१ दिवस मॅच नाही. गेल्या सीझनला फायनलच्या तोंडावर आमचा एक पोरगा जोरात आपटला, उठला, मी बरा आहे म्हणाला, कोचही म्हणाला बरा दिसतोय, पोराचा बाप तर कुंपणावरून ओरडत होता. काकांनी वाद घातला नाही. खाली वाकले, पोराच्या पायातला एक बूट काढला, तो घेऊन चालत पार्किंगमध्ये गेले, आपल्या यूटमध्ये (पिकअप गाडीत) ठेवला आणि गाडी लॉक केली. पोरगा एका बुटावर बेंचवर. आम्ही वरून खुराड्यातून बघत होतो, पाहुण्या क्लबची टाइमकीपर बाई मला म्हणाली, आमच्याकडे असा एक पाठवा.

यंदाच्या एजीएमला मी हात वर केला. ग्राउंडसाठी नाही, तेवढी हिंमत नाही, सेक्रेटरी म्हणून. आणि पहिला ठराव मांडला की स्टोअरच्या किल्ल्यांचे तीन सेट करायचे आणि रंगवाल्याचा नंबर कागदावर लिहून भिंतीवर लावायचा. काकांनी विरोधात मत दिलं. ठराव पास झाला. पीटी सरला मी फोन केलाय, तो विचार करतो म्हणालाय.

तर हॉरशम, स्टॉवेल, अरारात, वॉरॅकनाबील, या पट्ट्यात कोणी मराठी माणूस हे वाचत असेल, नवीन आला असशील, शनिवारी दुपारी मेलबर्नच्या मित्रांना फोन करून रडत बसला असशील, तर आम्हाला बाउंड्री अंपायर हवाय. धावता यायला हवं, बॉल पाठमोरा डोक्यावरून मागे फेकायला लागतो तो काका शिकवतील. नियम माहीत नसले तरी चालतं. रेघेबद्दल मात्र काही बोलायचं नाही.